नीमाचा ओवसा आणि माझं व्रत

चातुर्मासात काहीतरी सोडायचं, ही आमच्या सासूबाईंनी लावलेली सवय. आजवर मी कांदा सोडला, दुपारची झोप सोडली, एका वर्षी चपला सोडल्या आणि पेणच्या बाजारातून चिखल तुडवत अनवाणी भाजी आणली. मागल्या वर्षी वांगं सोडलं, तर चातुर्मासभर स्वप्नात भरली वांगी येऊन बसायची. तेव्हा यंदा आषाढीला देवळात बुवा म्हणाले की, माणसानं निदान चातुर्मासात कुणाला 'नाही' म्हणू नये, नकारानं मनाला गंज चढतो, तर मला ते फारच सोपं वाटलं. मी मुळात हळू बोलणारी. आमच्या ह्यांना माझं बोलणं ऐकायचं असलं की अजून रेडिओ बंद करावा लागतो. 'नाही' म्हणायची वेळ आली तरी मी ते मनातच म्हणते, आणि मनातलं व्रतात धरत नाहीत.

समईपुढं हात जोडून संकल्प केला. त्यात 'नको'ही धरलं आणि मान हलवणंही धरलं. 'बघू' चालेल का, असं गुरुजींना विचारलं, तर ते म्हणाले, "वहिनी, आपल्याकडे बघू म्हणजे नाहीच."

मग एका सकाळी शेजारच्या नूतनवहिनींच्या घरी आमच्यासाठी फोन आला. आमच्याकडे फोन नव्हता आणि त्यांचा फोन असा की पलीकडचं बोलणं माजघरापर्यंत ऐकू यावं. जितेश पुण्याहून बोलत होता. औषधनिर्माणाचं शिक्षण संपवून त्याला नुकतीच रोह्याला एका कंपनीत नोकरी लागली होती. म्हणाला, "आई, मी रजिस्टर लग्न केलंय. माझ्याच वर्गातली आहे. नीमा. टांझानियाची. घेऊन येऊ का?"

नूतनवहिनींचं गवारीच्या शिरा काढणं थांबलं. त्यांच्या सासूबाईंनी टीव्हीचा आवाज कमी केला. मी देवाचं नाव घेतलं आणि म्हटलं, "हो."

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे शाळेत भूगोल शिकवायचे. निवृत्त झाले तरी नकाशे घरीच आहेत. त्यांनी आफ्रिकेचा नकाशा जमिनीवर पसरला, चष्मा लावून बराच वेळ त्याच्यावर ओणवे राहिले आणि म्हणाले, "समुद्रकिनारा आहे. भात होतो आणि मीठही पिकतं." नंतर नकाशा गुंडाळता गुंडाळता स्वतःशीच म्हणाले, "म्हणजे आपलंच." एवढ्यावर त्यांचा विषय संपला. पुरुषांचं बरं असतं. त्यांना हळदीकुंकवाला जायचं नसतं.

दोघं आली त्या दिवशी मी दारात भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. रिक्षातून नीमा उतरली आणि उतरतच राहिली, एवढी ती उंच. खोटं कशाला सांगू, मनात पहिलं आलं ते हेच, की आता गल्लीत काय तोंड दाखवू. दुसरं आलं की हिच्यावरून तुकडा ओवाळायला आपला हात पोचायचा कसा. शेवटी ह्यांनी देवघरातला पाट आणून दिला आणि मी पाटावर चढून नव्या सुनेवरून तुकडा ओवाळला. गल्लीतल्या बायका गॅलरीतून बघत होत्या. आपल्याच दारात पाटावर चढून उभं राहताना सासूला काय वाटतं ते त्यांना काय कळणार. नीमा वाकून पाया पडली आणि म्हणाली, "आई, आपण खाली उतरा ना, पडाल." सगळं पुण्यात शिकलेलं मराठी. ते इतकं स्वच्छ की आमच्या 'व्हय-नाय'वाल्या गल्लीला पहिला राग त्याचाच आला.

आता नूतनवहिनींविषयी. बाई मनानं चांगल्या. आमच्या घरात दुखणं आलं की पहिली पेज त्यांच्याकडून येते. पण सल्ला दिला नाही तर त्यांना जेवण जात नाही. नीमा येऊन दोन दिवस होतात न होतात तोच त्या मसुराचं पीठ, हळद आणि साय कालवून वाटीभर उटणं घेऊन आल्या. "शांतीवहिनी, रोज लावा. गौरीपर्यंत दोन छटा तरी उतरतील." त्यांचा स्वतःचा रंग गव्हाळ आहे असं म्हणायची आमच्या गल्लीत पद्धत आहे. मला 'नको' म्हणता येत नव्हतं. मी वाटी घेतली.

नीमाला वाटलं, नव्या सुनेच्या स्वागताचा हा काही विधी आहे. तिनं आनंदानं लावून घेतलं आणि उरलेलं स्वतःच्या हातानं नूतनवहिनींना लावलं, तोंडाला, मानेला, कोपरापर्यंत. वहिनी 'अगो अगो' करीत राहिल्या, पण नीमाच्या तिकडं पाहुणीला असं सोडत नसावेत. हळद आमच्या नेहमीच्या दुकानातली, पक्की. नीमा होती तशीच राहिली. नूतनवहिनी मात्र संध्याकाळी एका सत्यनारायणाला पिवळ्याधमक गेल्या.

तो सल्ला फसल्यावर त्यांनी दुसरा काढला. "कुणी विचारलं तर केरळची आहे म्हणून सांगा. एवढ्या लांबचं नाव कशाला घ्यायचं? चालेल ना?" मी म्हटलं, "हो." माझी समजूत अशी, की विचारायला येणार कोण. चौथ्या दिवशी नूतनवहिनींचे यजमान, ज्यांना वहिनींनी घरीही केरळच सांगितलेलं, वडखळ नाक्यावरच्या टायरवाल्या कुंजुमोनना घेऊन हजर. "बिचारीला इथं स्वतःच्या भाषेत बोलायला कुणी नाही, म्हणून म्हटलं आणावं." कुंजुमोन दुकान बंद करून, धुतलेला पांढरा शर्ट घालून आले होते, बरोबर केळ्याचे वेफर्स. मला विचारलं, "यह केरला की है न?" मी देवाकडं बघून म्हटलं, "हो."

ते मल्याळममध्ये बोलले. नीमानं हात जोडून तिच्या भाषेत उत्तर दिलं. ते पुन्हा बोलले, तिनं पुन्हा उत्तर दिलं. असा बराच वेळ अत्यंत सभ्य संवाद चालला. मी आत जाऊन गणपतीला साकडं घातलं. बाहेर आले तर कुंजुमोन उठले होते. नूतनवहिनींचे यजमान विचारत होते, काय, जमलं का बोलणं? त्या देवमाणसानं माझ्या तोंडाकडं एकदा बघितलं आणि म्हटलं, "इनके जिले की बोली थोडी अलग है." वेफर्सची पिशवी नीमाच्या हातात ठेवून ते गेले. तेव्हापासून वडखळ नाक्यावरून जाताना मी त्यांच्या दुकानाला मनातल्या मनात नमस्कार करते.

एवढ्यावर निभावलं असतं. पण परदेशी मुलगी म्हणून तिची नोंद करायला आम्हाला सरकारी कचेरीत जावं लागलं. शाळांच्या भिंतींवर स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्षाचे तिरंगे रंगवलेले, आणि आम्ही पावसात एसटीनं निघालेले. तिथले साहेब सुसंस्कृत होते. सगळं लिहून झालं आणि शेवटी त्यांनी माझ्याकडं वळून विचारलं, "सासूबाई, सून तुमच्याकडे राहायला तुमची काही हरकत?"

आता सांगा, याचं उत्तर काय द्यायचं? 'हो' म्हटलं तर हरकत आहे. आणि दुसरा शब्द तर मी समईपुढं ठेवून आलेली. मी म्हटलं, "मला आनंद आहे." साहेब म्हणाले, "आनंदाला इथं जागा नाही. हरकत आहे की नाही, तेवढं बोला." मी म्हटलं, "ती फार गुणी आहे." जितेश माझा पाय दाबत होता. साहेबांनी चष्मा काढला, नीमाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि मोठ्यानं वाचत लिहिलं, "सासूने स्पष्ट उत्तर देण्याचे टाळले. चौकशी व्हावी."

परतीच्या एसटीत नीमा खिडकीकडं तोंड करून बसली होती. माझं व्रत तिला ठाऊक नव्हतं. व्रत सांगितलं की त्याचं पुण्य जातं, म्हणून मी ह्यांच्या आणि गुरुजींच्या पलीकडं कुणाला सांगितलं नव्हतं. पेण आलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आई, तुम्हाला खरंच हरकत असेल तर मला सांगा. मी रागावणार नाही." मी तिचा हात धरला. त्या दिवशी पुण्य गेलं तर गेलं म्हणून मी तिला सगळं सांगून टाकलं. ती एसटी स्टँडवर एवढ्या मोठ्यानं हसली की कंडक्टरसुद्धा हसला.

पण खरं दुखणं रोह्याला होतं. जितेशची पाळी कधी सकाळची, कधी रात्रीची. पेणहून पॅसेंजरनं जाऊन येऊन मुलगा वाळून गेला. म्हणून दोघं रोह्यात खोली बघायला लागली. मालक जितेशला बघून हो म्हणायचे आणि नीमाला बघितलं की त्यांना आठवायचं, खोली भाच्याला दिलेली आहे, त्याचं लग्न ठरलंय. रोह्यात त्या पावसाळ्यात किती भाच्यांची लग्नं ठरली होती कोण जाणे. शेवटी जितेश म्हणाला, "आई, तिच्या मामांनी दारेसलामला नोकरी बघितलीय. गौरी होऊ दे. इथं डोक्यावर छप्पर मिळालं तर ठीक, नाहीतर आम्ही जातो." एकुलता एक मुलगा आणि नकाशावरचं ते अंतर. ह्यांनी परत नकाशा काढला नाही.

रोह्याला एक माडी मात्र रिकामी होती. ती आमच्या वन्संची, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहिणीची, कृष्णाबाईंची. ह्यांना त्यांनीच वाढवलेलं. त्यांच्या शब्दाबाहेर आमच्या घरातली मांजरसुद्धा कधी गेली नाही. रंगानं वन्सं चांगल्याच सावळ्या, पण ते घरात कुणी बोललेलं मी ऐकलं नाही. लग्नाचं कळल्यापासून त्यांनी पेणचं नाव घेतलं नव्हतं. पण गौरीला यायचं त्यांनी आजवर चुकवलेलं नाही, आणि यंदा गौरी पावसाच्या पूर्वा नक्षत्रात येत होत्या. आमच्याकडे गौर पूर्वात आली की नव्या सुनेचा पहिला ओवसा होतो. फळं, काकडी, पानं, नारळ यांनी भरलेली सुपं तिनं गौरीपुढं ओवसायची, म्हणजे ओवाळायची, आणि मग घरातल्या थोर माणसांच्या हातांत द्यायची. सूप हातात घेतलं की सून घरची झाली. नाही घेतलं, तर नाही. वन्संनी सूप घेतलं की माडी मागायला आपलं तोंड उघडतं, एवढा सरळ माझा हिशेब.

गुरुजींनी शंका काढली, सुपं तर सुनेच्या माहेरून यायला हवीत. तो प्रश्न बायजाबाईनं सोडवला. ही कासूकडच्या खाडीलगतच्या गावातली म्हातारी. मिठागरावर काम करून हात चिरलेले. गेली कित्येक वर्षं आमच्याकडे मीठ, भाजी आणि गौरीचा तेरडा आणते, मागच्या दारी बसते, वेगळ्या कपात चहा घेते. ती म्हणाली, "बुरडाकडशी मी आनते सुपा. पोरीचा म्हायेर लांब हाय तर काय, सुपा मातर जवल मिलतान." सुपं आली. वर झाकायला नीमाच्या आईनं कुणा विद्यार्थ्याबरोबर पाठवलेलं पिवळं-काळं छापील कापड. नूतनवहिनींनी ते चिमटीत धरून बघितलं आणि हे कुठं मिळतं म्हणून विचारलं.

गौरीपूजनाच्या दिवशी वन्सं आल्या. गौरीसमोर पाटावर बसल्या, भिंतीला न टेकता. शेजारच्या बायका जमल्या. बायजाबाई मागच्या दारी उंबऱ्यापलीकडं. आणि नेमका तेव्हाच चौकशीला आलेला हवालदार ओटीवर. बाबाजी त्याचं नाव, मूळचा कोलाडकडचा. "काकू, चालू द्या तुमचं. मला एकच प्रश्न विचारायचाय. त्या दिवशीचा." ह्यांनी त्याला लाडू दिला. प्रश्न तोच, उत्तर तेच, आणि कार्तिकी अजून कुठच्या कुठं.

नीमानं हिरवी साडी नेसली होती. तिनं गौरीपुढं सुपं ओवसली, न चुकता. पहिलं सूप ह्यांना दिलं, दुसरं मला. मग वन्संसमोर जाऊन गुडघे टेकले आणि सूप पुढं केलं.

वन्संनी हात पदराखालून काढले नाहीत.

ओटीवर बाबाजीचा लाडू चावलेला ऐकू आला. वन्संनी माझ्याकडं बघितलं आणि फार मायेनं म्हणाल्या, "शांती, मला कुणाचं मन मोडायचं नाही. तू ते सूप तिच्या हातून घे आणि तू मला दे. तुझ्या हातून घेते मी. म्हणजे सगळ्यांचं राहिलं. एवढं करशील ना?"

खरं सांगते, सोपं होतं ते. मी हो म्हणणारीच. आषाढीपासून काय काय नाही केलं हो म्हणून. एक सूप या हातातून त्या हातात. माडी मिळाली असती, जितेश इथं राहिला असता, व्रतही राहिलं असतं. नूतनवहिनी डोळ्यांनी मला 'घ्या, घ्या' म्हणत होत्या. नीमा सूप धरून तशीच गुडघ्यांवर. तिनं हात खालीही घेतले नव्हते आणि वरही केले नव्हते. पण ती माझ्याकडं बघत होती, आणि तिला माझं व्रत ठाऊक होतं. मी काय म्हणणार ते तिला कळून चुकलं होतं. तिनं सूप हळूच माझ्याकडं वळवायला सुरुवातही केली.

"नाही," मी म्हटलं.

माझा आवाज असा की कधी शेजारच्या खोलीत जात नाही. तो ओटीवर गेला. हे खुर्चीतून उठले.

"नाही, वन्सं. सूप तिच्या हातूनच."

वन्संना असं ऐकायची सवयच नव्हती. आता पुढं काय करायचं ते मलाही माहीत नव्हतं. नकार द्यायची सवय नसली की माणसाला त्याच्यापुढचं येत नाही. ते नीमाला येत होतं. मी तिला शिकवलं होतं, आधी सासूसासऱ्यांना आणि मग बाकीच्या थोर माणसांना वयानं सूप द्यायचं. वन्सं घेत नाहीत, तर त्यांच्या खालोखाल थोर कोण? ती उठली, माजघर ओलांडून मागच्या दारी गेली आणि उंबऱ्यापलीकडं बसलेल्या बायजाबाईसमोर गुडघे टेकून तिनं सूप पुढं केलं.

त्या उंबऱ्यावरून इतकी वर्षं मी चहाचा कप खाली ठेवत आले. हातात दिलेला मला आठवत नाही.

बायजाबाईनं हात पदराला पुसले. दोन्ही हातांनी सूप घेतलं, मांडीवर ठेवलं आणि नीमाच्या गालांवरून बोटं फिरवून कानशिलावर मोडली. "ये गो बाय माझे. म्हातारीला आजवर कोनी सूप दिला नाय." मग अंबाड्यातलं केवड्याचं पान काढून तिनं सुपात ठेवलं.

"ते सूप माझं होतं," वन्सं म्हणाल्या.

सगळ्यांनी माना वळवल्या. वन्संचे हात पदराबाहेर आले होते. "घरची थोरली मी. माझ्या आधी बायजाला सूप? चार माणसांत?" मान गेल्याचं दुःख काय असतं ते मला नव्यानं सांगायला नको. मी पाटावर चढलेली सासू आहे.

"तुम्ही हात पुढं केला नाहीत, वन्सं," मी म्हटलं.

"मग आता केलाय."

पण सुपं मोजून आणलेली. एकही शिल्लक नव्हतं. मी माझं सूप उचललं आणि नीमाच्या हातात दिलं. नीमा परत गुडघे टेकून बसली. वन्संनी सूप घेतलं आणि ते घेता घेता तिची बोटं आपल्या बोटांत धरली. पहिल्यांदाच जवळून बघत होत्या तिला. बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "हात किती गार पडलेत पोरीचे. शांती, चहा टाक. सगळ्यांना एकाच कपातला टाक." बोलल्यावर त्यांनाच कळलं की भलतंच बोललो, आणि त्या चिडून म्हणाल्या, "म्हणजे एकसारख्या कपांतला. कळतंय ना तुला."

ओटीवरून बाबाजीनं खाकरून विचारलं, "काकू, तो प्रश्न. तुमची काही हरकत?"

मोडलेलं व्रत एवढं उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. मी दारात गेले आणि म्हटलं, "नाही. काही हरकत नाही. लिहा."

माडीचं मला मागावं लागलं नाही. निघताना वन्सं जितेशला म्हणाल्या, वरचं झाडून ठेवते, पण जिन्यात चपला काढायच्या आणि मासळी गुरुवारी नाही. वन्सं एकदम बदलल्या असं काही झालं नाही. नीमाच्या केसांना त्या अजून 'ते काय ते' म्हणतात. पण दिवाळीच्या आधी मी रोह्याला गेले होते, तेव्हा तिथल्या नळावर एका बाईनं मायेनं सुचवलं, की कृष्णाबाई, सून केरळची आहे म्हणून सांगा, कशाला उगीच. वन्संनी हंडा खाली ठेवला. "केरळची कशाला? टांझानियाची आहे ती. तिकडं भात होतो, मीठ पिकतं." आणि हंडा कमरेवर घेऊन त्यांनी तिच्याकडं असं बघितलं, जणू तो नकाशा त्यांनीच काढलेला.

गुरुजी म्हणाले, व्रत भंगलं, प्रायश्चित्त घ्यावं लागेल, पुढल्या आषाढीला पुन्हा पहिल्यापासून. मी त्यांना हळूच 'नाही' म्हटलं. त्यांना दोनदा विचारावं लागलं, कारण माझा आवाज परत पूर्वीसारखा झालाय.

बायजाबाईचा कप मी आता मोरीवरच्या फळीवरून आतल्या फडताळात आणून ठेवलाय. ती म्हणते, आत बसून तिचे गुडघे अवघडतात. बसते मात्र आतच.

सुपाचं तेवढं राहून गेलं. सुनेच्या पहिल्या ओवशाचं सूप सासूच्या घरी असावं. माझं वन्संच्या माडीवर खिळ्याला टांगलंय, आणि नीमा त्यात तांदूळ पाखडते. ती म्हणते, "आई, घेऊन जा की तुमचं." मी नाही म्हणते.